भरलेलं मॅगझिन, कूलरची खोली आणि स्प्रिंगचं आयुष्य

दर रविवारी पिस्तुलाचं मॅगझिन, म्हणजे आतल्या स्प्रिंगने काडतुसं वर ढकलणारी डबी, रिकामं करून ‘स्प्रिंगला आराम’ देत असाल, तर ते आधी थांबवा. त्या आरामाने स्प्रिंगचं काही भलं होत नाही. उलट दर आठवड्याला हातून चूक होण्याची एक जास्तीची संधी मात्र तयार होते.

नागपूरच्या इतवारीत सराफीचं दुकान असलेल्या माझ्या एका मित्राला गेल्या वर्षी परवाना मिळाला, बत्तीस बोअरचं पिस्तूल आलं आणि पंधरा दिवसांत त्याचा फोन. “काहून भाऊ, भरून ठेवलं तर स्प्रिंग बसते नं?” नवीन परवानाधारक हमखास हेच विचारतो. त्याला दिलेलं उत्तर इथे जरा सविस्तर लिहितो. रिव्हॉल्व्हरवाल्यांना मॅगझिनच नसतं, त्यांनी हा लेख सोडला तरी चालेल. ९ मिमी आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडतं, त्यामुळे सामान्य परवानाधारकाच्या घरात मॅगझिनचं पिस्तूल म्हणजे बहुतेक वेळा .३२, म्हणजेच ७.६५ मिमी. मी तेच डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

थेट उत्तर हवं असेल तर असं: चांगल्या बनावटीचं मॅगझिन, कंपनीने सांगितली तेवढीच काडतुसं भरून, कोरड्या जागी ठेवलं तर वर्षानुवर्षं भरलेलं राहू शकतं. स्प्रिंग बसते ती थोडी, आणि तीही सुरुवातीलाच. ती खरी थकते वारंवार दबण्या-सुटण्याने, आणि मरते गंजाने. नागपुरात तर गंजानेच, त्याबद्दल पुढे बोलतो.

‘बसली’ म्हणजे नेमकं काय झालं

स्प्रिंग दाबली की तिची तार पिळली जाते. हा पीळ ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर दाब काढल्यावर तार जशीच्या तशी मागे येते. रॉबर्ट हुकने १६७८ साली मांडलेला नियम शाळेत शिकलो होतो तो हाच: जेवढा जोर, तेवढा ताण. मर्यादा ओलांडली की मात्र तार कायमची वाकते. मॅगझिन बनवणारा स्प्रिंग निवडतो ती पूर्ण भरल्यावरही या मर्यादेच्या आत राहील अशीच. म्हणून नुसतं दबून राहणं तिला जड जात नाही. घराबाहेर वर्षभर उभी असलेली गाडी आपल्या स्प्रिंगांवरच उभी असते. तिला आराम द्यायला रोज रात्री कोणी जॅक लावत नाही.

पण ‘काहीच होत नाही’ असंही नाही. नवी स्प्रिंग पहिल्यांदा पूर्ण दाबून ठेवली की थोडी आखूड होते. नवं मॅगझिन घेतलं, दोन दिवस भरून ठेवलं आणि रिकामं करून पाहिलं, तर स्प्रिंग जरा मऊ लागते. लोक इथेच घाबरतात. ते बसणं अपेक्षित असतं, बनवणाऱ्याने ते आधीच हिशेबात धरलेलं असतं. त्यानंतरही दाबाखाली ताण किंचित ढिला होत राहतो, पण दिवसेंदिवस अधिकच हळू. पहिल्या आठवड्यात जेवढा फरक पडतो तेवढा नंतर वर्षानुवर्षांत पडत नाही.

मग ही भीती आली कुठून? माझा अंदाज असा की निम्मी भीती एअर रायफलवरून आली. लहानपणी ज्यांनी मोडून भरायची छर्ऱ्याची बंदूक हाताळली, त्यांना मोठ्यांनी सांगितलेलं असतं की ती ओढून ठेवू नको, स्प्रिंग जाते. ते खरंच आहे. त्या बंदुकीची मोठी स्प्रिंग ओढल्यावर जवळजवळ तिच्या टोकापर्यंत दबते, तशीच ठेवली तर जोर गमावते. मॅगझिनची स्प्रिंग तिच्या मानाने निवांत असते. विशेषतः सात-आठ काडतुसांच्या, एकेरी रांगेच्या बत्तीस बोअरच्या मॅगझिनमध्ये. लहानशा डबीत दुहेरी रांगेने जास्तीत जास्त काडतुसं कोंबलेली जी मॅगझिनं असतात, त्यांची स्प्रिंग मर्यादेच्या बरीच जवळ काम करते. तिथे एक काडतूस कमी भरण्याचा सल्ला समजण्यासारखा आहे.

उन्हाळ्याचंही विचारतात. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि नवतपा लागला की पंचेचाळीस म्हणजे आपल्याला रोजचंच. माणूस वितळतो, स्प्रिंग नाही. ज्या जास्त कार्बनच्या पोलादी तारेच्या, म्हणजे म्युझिक वायरच्या, स्प्रिंगा असतात, ती तार साधारण १२० अंशांपर्यंत आपला जोर टिकवते. कपाटातली गरमी तिच्या खिजगणतीतही नाही. काडतुसांचं मात्र तसं नाही. त्यातली दारू सततच्या उष्णतेने लवकर म्हातारी होते. शिवाय बंद गाडीत शस्त्र सोडून जाणं हा वेगळाच मूर्खपणा.

आता कामाला लागू: वर्षातून दोनदा तपासणी

मी होळीनंतर एकदा आणि दसऱ्याच्या आधी एकदा करतो. होळीनंतर, कारण त्यानंतर कूलर सुरू होतात. दसऱ्याच्या आधी, कारण पावसाळा संपलेला असतो आणि पूजेला शस्त्र काढायचंच असतं. काढायचं पूजेला, वाजवायला नव्हे. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

खोलीत एकटे असताना, मुलं शाळेत आणि फोन दुसऱ्या खोलीत असताना बसा. पहिलं काम, मॅगझिन बाहेर काढणं. दुसरं, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) मागे ओढून चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकात बसलेलं, काडतूस बाहेर पाडणं. हा क्रम कधीही उलटा करू नका. आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर बाहेर पडलेल्या काडतुसाच्या जागी मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसलेलं असतं, आणि तुमच्या मते मात्र पिस्तूल रिकामं असतं. घरगुती अपघातांची ही जुनी वाट आहे. स्लाइड मागे धरून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा. नळीचं तोंड या सगळ्या वेळात वाळूच्या बादलीकडे ठेवा, दाराकडे नको. मॅगझिन काढल्यावर ट्रिगर चालत नाही अशी सोय काही पिस्तुलांत असते. तिच्यावर विसंबू नका.

मग काडतुसं एकेक अंगठ्याने पुढे सरकवून काढा, मोजा आणि ताटलीत ठेवा. स्टीलची ताटली नको, खाली फडकं घातलेली प्लास्टिकची असू द्या. त्यांच्याकडेही एकदा नीट बघा. पितळेवर हिरवट डाग असतील, किंवा एखाद्याची गोळी बाकीच्यांपेक्षा आत गेलेली दिसत असेल, तर ते काडतूस बाजूला काढा. गोळी आत जाते ती याच ‘आराम’ देण्याच्या सवयीने. दर वेळी तेच वरचं काडतूस चेंबरमध्ये चढवायचं, काढायचं, पुन्हा मॅगझिनमध्ये घालायचं. प्रत्येक वेळी स्लाइड त्याला उतारावर आपटते आणि गोळी केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, जरा जरा दबत जाते. केसमधली जागा कमी झाली की उडवताना दाब वाढतो. स्प्रिंगची काळजी करता करता माणूस काडतूस बिघडवून बसतो. अशी काडतुसं स्वतः टाकून देऊ नका, ज्याच्याकडून घेतली त्या विक्रेत्याला विचारून त्याच्याकडेच द्या.

आता मॅगझिन उघडायचं. सगळीच मॅगझिनं उघडत नाहीत. जुन्या बनावटीच्या काहींचा तळ पक्का जोडलेला असतो, त्यांना वरूनच साफ करावं लागतं. उघडणारं असेल तर तळाची पट्टी सरकवताना तिच्यावर अंगठा दाबून धरा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. दबलेली स्प्रिंग सुटली की पट्टी थेट छताला. माझी एकदा दिवाणाखाली गेली आणि शोधण्यात दुपार गेली. पट्टी निघाली की स्प्रिंग बाहेर ओढण्याआधी मोबाइलवर एक फोटो घ्या. स्प्रिंगचं कोणतं टोक वर, कोणतं खाली, कोणती बाजू पुढे, हे परत बसवताना हमखास विसरतं. उलटी बसवलेली स्प्रिंग काडतुसाचं नाक खाली पाडते, आणि माणूस म्हणतो की स्प्रिंग गेली.

बाहेर काढलेल्या स्प्रिंगमध्ये बघायचं ते गंज, वाकलेला वेढा आणि लांबी (ती तपासायची रीत शेवटी दिली आहे). गंज शोधा तळाच्या दोन-तीन वेढ्यांत, कारण धूळ आणि ओल तिथेच साचते. वरवरची लालसर झाक तेलाच्या फडक्याने निघते. पण नख फिरवल्यावर खड्डा लागला तर ती स्प्रिंग बदला, त्यात वाद घालायचा नाही. दर वेळी दबताना तारेचा ताण त्या खड्ड्याभोवती एकवटतो आणि चीर तिथूनच सुरू होते. दिसायला अख्खी वाटणारी स्प्रिंग एक दिवस दोन तुकड्यांत सापडते, ती अशीच.

मॅगझिनची नळी आतून कोरड्या सुती कापडाने पुसा. तेल लावायचं तर स्प्रिंगला, फडक्यावर एक थेंब घेऊन, आणि मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून. हाताला तेल लागलं नाही पाहिजे, एवढंच. दाराच्या बिजागरीवर मारायचा स्प्रे आत फवारणाऱ्यांना हात जोडतो: तो वाळून चिकट होतो, धूळ धरतो, आणि पातळ असताना काडतुसाच्या बुडाशी झिरपून टोपी, म्हणजे दारू पेटवणारा बुडातला भाग, निकामी करू शकतो.

वरच्या ओठांकडेही लक्ष द्या. हे दोन वाकवलेले काठच काडतूस जागेवर धरतात. ते फाकले असतील, एकीकडे झुकले असतील, तर नवी स्प्रिंग घालून काही उपयोग नाही. मॅगझिन फरशीवर पडलं की दुखापत बहुधा इथे होते. पक्कड घेऊन ते स्वतः वाकवायला जाऊ नका.

जोडून झालं की फॉलोअर, म्हणजे काडतुसं ज्यावर टेकतात तो पाट, पेन्सिलच्या मागच्या टोकाने तळापर्यंत दाबा आणि हळूहळू सोडा. तो न अडखळता वर आला पाहिजे.

भरताना बत्तीस बोअरची खोड

.३२ चं काडतूस जॉन ब्राउनिंगने १८९९ च्या सुमाराला काढलं. त्याच्या बुडाची कड केसपेक्षा किंचित बाहेर आलेली असते. ९ मिमीत तसं नसतं. त्यामुळे भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या मागे अडकली, तर स्लाइड वरच्याला पुढे ढकलते आणि खालचं त्याला धरून ठेवतं. पिस्तूल अडतं, आणि ते झटक्याने सुटत नाही. आखूड काडतुसांना आत पुढे-मागे हलायला जास्त जागा मिळते, तिथे हे अधिक होतं. म्हणून प्रत्येक काडतूस बसवताना त्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढे आहे ना, हे बाजूच्या भोकांतून बघून घ्या. गडबडीत भरू नका. माझ्या पाहण्यात ‘स्प्रिंग कमजोर झाली’ म्हणून आलेल्या दोन तक्रारी प्रत्यक्षात या कडेच्याच होत्या.

पूर्ण भरायचं की एक कमी? मॅगझिन पूर्ण भरून, स्लाइड बंद असताना बसवून बघा. नेहमीच्या जोराने बसलं आणि खटका लागला तर पूर्ण भरा. फार जोर करावा लागत असेल तर एक कमी. स्प्रिंगवर उपकार म्हणून नव्हे, तर अर्धवट बसलेलं मॅगझिन ऐन वेळी खाली पडतं म्हणून.

खरंच गेली आहे का, हे कसं ओळखायचं

मॅगझिन भरलेलं असतं तेव्हा स्प्रिंग सगळ्यात जास्त दबलेली असते, म्हणजे तिचा जोरही सगळ्यात जास्त. शेवटची दोन काडतुसं राहतात तेव्हा जोर सगळ्यात कमी. थकलेली स्प्रिंग म्हणूनच शेवटी उघडी पडते: शेवटचं किंवा त्याच्या आधीचं काडतूस वेळेत वर येत नाही, नाक खाली घालतं, स्लाइड त्याच्यावरून निघून जाते. ज्या पिस्तुलांत शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडून राहते, त्यांत ती अडेनाशी होते. पहिल्या-दुसऱ्या काडतुसालाच अडत असेल तर संशय आधी कडेवर, ओठांवर, मळावर आणि स्वतःच्या मनगटावर घ्या. हात सैल धरला की स्लाइड पुरती मागे जात नाही, आणि शिव्या स्प्रिंगला बसतात.

दोन मॅगझिनं असतील तर काम सोपं. रंगाने तळावर १ आणि २ असं लिहून ठेवा. अडचण १ बरोबरच येते आणि २ बरोबर येत नाही, तर दोष मॅगझिनचा. दोघांबरोबर येते तर पिस्तूल, काडतुसं किंवा हात. आकडा न लिहिता ‘कधी कधी अडतं’ म्हणणाऱ्याला कोणीच मदत करू शकत नाही.

ही चाचणी रेंजवर. शेतात नाही, गच्चीवर नाही, गोरेवाड्याच्या बाजूला कोणाच्या फार्महाउसवर तर नाहीच. मान्यताप्राप्त रेंजवर वर्षातून एकदा तरी त्याच मॅगझिनमधली, तीच वर्षभर भरलेली काडतुसं शेवटपर्यंत चालवा आणि त्या जागी नवी भरा. वर्षभर भरलेलं मॅगझिन शेवटच्या गोळीपर्यंत चाललं, तर स्प्रिंगबद्दल याहून वेगळा पुरावा लागत नाही.

कूलर

नागपूर कोरडं शहर आहे असं आपण समजतो, आणि एप्रिलच्या दुपारी रस्त्यावर ते खरंही असतं. पण आपण राहतो रस्त्यावर नाही, कूलरच्या खोलीत. ओल्या ताट्यांतून अख्खी रात्र हवा आत येते. पापड मऊ पडतात, कपाटातल्या कागदांना पोक येतो. मार्चअखेरपासून जूनपर्यंत हे, आणि जूनमध्ये पाऊस येतो तो सप्टेंबरपर्यंत. म्हणजे वर्षातले सहा महिने ज्या कपाटात पिस्तूल आहे ते ओलीत आहे.

हे मी शिकलो ते नुकसान करून. दुसरं मॅगझिन चामड्याच्या पाऊचमध्ये भरून, कूलरच्या खोलीतल्या पोलादी कपाटात ठेवलं होतं. विक्रेता म्हणाला होता, “भरून ठेवू नका, स्प्रिंग बसेल”. मी हुशारी दाखवून भरून ठेवलं आणि स्वतःवर खूश होतो. ऑगस्टमध्ये उघडलं तर स्प्रिंग बसली नव्हती, तळाचे वेढे गंजले होते. चामडं पाणी धरतं, आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात उरलेले असतात. होल्स्टर कमरेला लावण्यासाठी असतं, शस्त्र साठवण्यासाठी नाही.

तेव्हापासून तिजोरी कूलर नसलेल्या खोलीत, आतल्या भिंतीला आहे. आत सिलिका जेलच्या पिशव्या, रंग बदलणाऱ्या, म्हणजे कधी भरल्या ते कळतं. मग उन्हात किंवा मंद तव्यावर वाळवून परत ठेवतो. मॅगझिन कापडात गुंडाळत नाही, उघडं ठेवतो. किल्ली माझ्याकडे आणि बायकोकडे, मुलांना जागाही माहीत नाही.

निवडणुकीच्या वेळी शस्त्र जमा करण्याचा आदेश तुम्हाला लागू झाला, तर मॅगझिन रिकामं करून, पुसून द्या आणि पावतीवर मॅगझिनं किती ते लिहून घ्या. परत मिळाल्यावर आधी उघडा, मग भरा. महिना-दोन महिने ते कुठल्या ओलीत पडलं होतं ते तुम्हाला दिसलेलं नसतं.

बदलायची कधी आणि कुठून

लक्षणं दिसली किंवा खड्डा पडलेला गंज दिसला तर लगेच. रेंजवर नियमित जाणाऱ्याने लवकर, कारण त्याची स्प्रिंग शेकडो वेळा दबते-सुटते. .२२ वर स्पर्धा खेळणाऱ्या मुलांचं मॅगझिन पाच-पाच गोळ्यांनी दिवसभर भरलं-रिकामं होतं; त्यांनी भरून ठेवण्याची काळजी करण्यापेक्षा महिन्याला किती फेऱ्या झाल्या ते मोजावं. तिजोरीत भरून ठेवणाऱ्यासाठी माझा स्वतःचा नेम सोपा आहे. २०१९ पासून परवाना पाच वर्षांचा झालाय. नूतनीकरणाचा अर्ज केला की त्याच महिन्यात स्प्रिंग नवी. तिला गरज असते असं नाही, पण तारीख लक्षात राहते.

आजोबांकडून वारशाने आलेलं जुनं पिस्तूल असेल तर मात्र वाट बघू नका. त्यातली स्प्रिंग कधीची, कोणी कापून-ओढून ‘दुरुस्त’ केलेली, काही सांगता येत नाही. ओढून लांब केलेली स्प्रिंग दोन-चार वेळा छान चालते आणि मग पूर्वीपेक्षाही आखूड होते.

घ्यायची ती परवानाधारक विक्रेत्याकडून, त्याच बनावटीची आणि त्याच मॉडेलची. बसवून घ्यायची असेल तर परवानाधारक कारागिराकडून. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो. कॉटन मार्केटकडे कुठलीही स्प्रिंग वळून देणारे हुशार कारागीर आहेत, पण त्यांच्याकडे मॅगझिन घेऊन जाऊ नका. तार जराशी जाड झाली की पूर्ण काडतुसं मावत नाहीत, बारीक झाली की शेवटची दोन वर येत नाहीत, आणि कायद्याची भानगड वेगळी.

नवी स्प्रिंग आली की मॅगझिन पूर्ण भरून दोन दिवस ठेवा, रिकामं करा, स्प्रिंग काढा आणि शस्त्राच्या वहीच्या शेवटच्या पानावर आडवी ठेवून दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारा. बाजूला तारीख आणि मॅगझिनचा आकडा लिहा. पुढच्या होळीनंतर तीच स्प्रिंग त्याच रेघांवर ठेवून आखूड झाली का ते बघायचं.